मुंगीचं अंतर

सोमवार, ४ मार्च

नवी नोकरी, नवं गाव, नवी वही. वही ताईने दिली; आई तिच्याकडेच असते, आणि आता मीही. तिच्या मते मी सगळं मनात साठवतो आणि नंतर भलत्याच माणसावर काढतो, तेव्हा रोज थोडं कागदावर काढलेलं बरं. सल्ले द्यायला ताईला कुणी विचारावं लागत नाही. पण वहीचा कागद चांगला आहे, शाई फुटत नाही, म्हणून लिहितोय.

दिवस झकास गेला. कारखाना दुमजली आहे, बाहेरून बिस्किटाच्या डब्यासारखा. खाली जुळणी आणि पॅकिंग, वर टेस्टिंग, स्टोअर आणि माझी खोली. खोलीला खिडकी आहे, टेबल ऐसपैस आहे, खुर्चीला एक चाक कमी आहे. मालकांनी स्वतः जिना चढून येऊन सगळ्यांशी ओळख करून दिली. म्हणाले, हे आपले नवे डिझायनर, मोठ्या कंपनीतून आलेत, आता बघा. सगळ्यांनी बघितलं. अठरा माणसं, आणि एकाच्याही चेहऱ्यावर एखादा प्रश्न नाही. अशा ठिकाणी मोठं व्हायला माणसाला फार कष्ट पडत नाहीत.

इथे श्वासाला मदत करणारी यंत्रं बनतात. फुफ्फुसं थकलेल्या माणसाने मास्क लावून पडून राहायचं आणि यंत्राने कोमट, ओलसर हवा आत ढकलत राहायची. पलंगाच्या दांडीला ते स्टीलच्या हुकाने अडकवतात. आईचं यंत्र याच कंपनीचं आहे. कंपनीचं नाव मी पहिल्यांदा तिच्या उशाशीच वाचलं होतं. संध्याकाळी तिला सांगितलं, आई, तुझा श्वास आता माझ्या हातात आला बघ. ती मास्कमधून हसली. ताई म्हणाली, जपून बोलत जा रे.

गुरुवार, ७ मार्च

टेस्टिंगला एक बाई आहेत, पन्नाशी उलटलेल्या, चष्म्याला दोरी बांधलेल्या. जगातली सगळी सर्किट-बोर्डं यांच्या हाताखालून गेल्याशिवाय चालूच होणार नाहीत असा यांचा समज. बोर्ड आलं की आधी व्हर्नियरने मोजतात. मधली मोकळी जागा आठ मिलिमीटर आहे हे मी कॉम्प्युटरवर आधीच मोजलेलं असतं, ते वेगळं. मोजून झालं की बोर्ड तोंडाजवळ धरतात आणि त्यावर 'हा' करतात, आपण चष्म्याची काच पुसण्याआधी करतो तसं. बोर्ड धुरकटतं. तसंच ओलं ते हाय-व्होल्टेजच्या टेस्टला लावतात.

कशासाठी, म्हणून विचारलं. तर म्हणाल्या, यंत्र माणसाच्या नाकाशी राहणार, मग ते श्वासातच तपासायला हवं ना, साहेब? वीस वर्षं हेच चाललंय आणि कुणी हसलंसुद्धा नाही. मी त्यांचं नाव फुंकरबाई ठेवलं. दुपारच्या चहापर्यंत ते पॅकिंगपर्यंत पोहोचलं. बाईंनीही ऐकलं असावं, पण त्यांनी मान वर केली नाही.

वर त्यांनी मला शिकवणीही दिली. बोर्डाच्या एका बाजूला भिंतीतली वीज, ती गरम बाजू. दुसऱ्या बाजूला माणसाचा हात लागू शकतो, हुकालाही तीच जोडलेली, ती थंड बाजू. मध्ये तांबं नसलेली पट्टी. आता गरमवरून थंडवर माशी उडत गेली तर जेवढं अंतर ते माशीचं, आणि मुंगी चालत गेली तर ते मुंगीचं. हवा कोरडी असली की वीज माशी होते, ओल आणि धूळ मिळाली की मुंगी होते, म्हणून दोन्ही मोजायची. मला याच दोन अंतरांवर प्रबंधाला बक्षीस मिळालंय, हे मी त्यांना सांगितलं नाही. मुंगी-माशीच्या पातळीवर उतरून काय बोलणार.

मंगळवार, १२ मार्च

मालकांना नवं मॉडेल हवंय, तळहातावर मावेल एवढं. आधीच्या डिझायनरला जमलं नाही, तो निवृत्त होऊन गेला. का जमलं नाही ते मला दहा मिनिटांत कळलं. बोर्डाच्या मधोमध आठ मिलिमीटरची पट्टी मोकळी, त्यात पुन्हा एक आरपार खाच कापलेली. मुंगीला खाच ओलांडता येऊ नये, वळसा घालून जावं लागावं म्हणून. सगळी जागा मुंगीलाच दिली तर यंत्र कुठे बसवणार? शिवाय खाच कापताना कटर मोडतं, दर आठवड्याला एक.

नियमांच्या तक्त्यात सरळ लिहिलंय. जागा ओली, धुळीची असेल तर जास्त अंतर. स्वच्छ, कोरडी असेल तर या व्होल्टेजला चार मिलिमीटर पुरतं, खाच नको. फॉर्मवर एक रकाना असतो, वापराची जागा. आधीच्याने तिथे 'ओली' लिहिलं होतं. आजारी माणसाची खोली म्हणजे काय मोरी असते? मी 'स्वच्छ, कोरडी' लिहिलं. दोन शब्दांनी यंत्र निम्मं झालं. डोकं वापरणं म्हणतात ते हे.

टेबलाच्या खालच्या खणात एक जुनं बोर्ड सापडलं. चार मिलिमीटरचं, बिनखाचेचं. गरम बाजूकडून थंड बाजूकडे एक काळी रेघ गेलेली, बारीक, मध्ये दोन फाटे फुटलेली, वाळक्या काटकीसारखी. बाईंना विचारलं. त्यांनी बोर्ड उलटं करून टेबलावर ठेवलं. मग म्हणाल्या, आधीच्या साहेबांनी उमेदीत एकदा असंच लहान केलं होतं. एका म्हाताऱ्यांच्या उशाशी होतं ते. त्यांनी पलंगाची दांडी धरली होती, आणि सकाळी सुनेला त्यांची मूठ सोडवता येईना. त्यानंतर साहेबांनी खाच घातली, आणि बाईंनी श्वास.

म्हणजे एक फुफ्फुसं गेलेला म्हातारा वीस वर्षांपूर्वी गेला, जो तसाही जाणारच होता, आणि त्याच्या नावाने हे लोक आजतागायत कटर मोडतायत. बोर्ड मी कागदांवर ठेवायला घेतलं. वजन चांगलं आहे.

बुधवार, २० मार्च

नवी बोर्डं आली. देखणी आहेत, दुसरा शब्द नाही. बाईंनी हातात घेतलं, मोजलं, पुन्हा मोजलं आणि नेहमीच्या सवयीने तोंडाजवळ नेलं. मी हात धरला. स्वच्छ आणि कोरड्या जागेसाठी केलेलं बोर्ड स्वच्छ आणि कोरडंच तपासायचं, थुंकी उडवून नाही, असं सगळ्यांदेखत सांगितलं. तेरा बोर्डं लावली, तेराही पास.

बाई सही करेनात. म्हणाल्या, कोरडं पास झालंय असं लिहून देते, पास झालंय असं नाही लिहिणार. मालकांना असल्या बारकाव्यांत रस नाही. त्यांनी बाईंना काही दिवस घरी बसायला सांगितलं आणि सही मी केली. जाताना त्या माझ्या टेबलावर आपला व्हर्नियर ठेवून गेल्या, नीट डबीत घालून. म्हणाल्या, लागेल तुम्हाला. मला कॉम्प्युटर आहे, हे यांना कोण सांगणार.

शनिवार, २३ मार्च

बारा यंत्रं काचेच्या कपाटात सलग चालवायला लावली. तेरावं घरी आणलं. आईचं जुनं धूड कारखान्यात नेऊन भंगारात टाकलं. ताई लगेच म्हणाली, अरे, ते चालत होतं की, राहू दिलं असतंस एखाद्या कोपऱ्यात. ताईच्या घरात सगळंच एखाद्या कोपऱ्यात असतं. आईने मात्र मास्क लावला, दोन श्वास घेतले आणि अंगठा वर केला. नवं यंत्र दांडीवर इतकं इवलं दिसतं की ताईच्या मुलीला खेळणं वाटलं.

आई हळूच म्हणाली, तू केलंस ना, म्हणजे चांगलंच असणार. आज मला फार बरं वाटलं.

मंगळवार, २६ मार्च

एक फालतू गोष्ट. काचेच्या कपाटात तिसऱ्या बोर्डावर सकाळी धुरकट डाग होता, रुपयाएवढा. कपाट बंद असतं, आत हवा कोरडी राहावी म्हणून पुड्या ठेवल्यात, किल्ली माझ्याकडे. बघताबघता डाग विरला. मग पुन्हा आला.

पुड्या जुन्या असणार. स्टोअरकीपरला झापलं. त्याने पाकिटावरची तारीख दाखवली, या महिन्याचीच होती. तारखा काय, कुणीही छापतं.

गुरुवार, २८ मार्च

आता सगळ्या बाराही बोर्डांवर डाग येतो आणि जातो, एकाच वेळी. येतो, जातो. मी घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला सव्वीस वेळा. कंप्रेसरची धडधड असेल, खालच्या मजल्यावरून येत असेल, असं समजून कंप्रेसर बंद करायला लावला. सव्वीसच.

आणखी एक. गरम बाजूच्या कडेला प्रत्येक बोर्डावर एक काळा ठिपका, जरासा लांबट. बाईंचा व्हर्नियर काढावा लागला. अर्धा मिलिमीटर. सोल्डरचा मळ आहे. जुळणीवाल्या पोरी हात धुवत नाहीत, दुसरं काय.

घरी आलो तेव्हा आई झोपली होती. सहज मोजले. मिनिटाला सव्वीस श्वास.

शुक्रवार, २९ मार्च

एक मिलिमीटर. बाराही बोर्डांवर.

स्पिरिटने पुसलं. गेलं. जेवून आलो तर होतं तिथेच, तेवढंच. म्हणजे मळ नाही. ओल मिळाली की पृष्ठभागावर वीज सरपटते, जाता जाता जाळते, आणि जळलेला कोळसा तिला पुढची वाट करून देतो. हे मला माहीत आहे. याच्यावरच बक्षीस मिळालंय. पण त्याला ओल लागते, आणि कपाट कोरडं आहे. मी तसं लिहून दिलंय.

शनिवार, ३० मार्च

कपाटाची वीजच काढली. प्लग हातात घेऊन अर्धा तास उभा राहिलो. डाग येतो आणि जातो.

दीड मिलिमीटर. वीज नसताना.

रेघेला फाटा फुटलाय. खणातलं जुनं बोर्ड शेजारी धरलं. तोच फाटा, त्याच जागी. ती रेघ वीस वर्षांपूर्वीची आहे आणि ही परवाची, तरी एकीवर एक ठेवली तर तंतोतंत जुळते.

जिन्यात मालक भेटले. म्हणाले, पुढच्या शुक्रवारी दोनशे यंत्रं बाहेर पडतायत, सगळं ठीक ना? मी म्हणालो, एकदम. तोंडातून तेच निघालं.

रविवार, ३१ मार्च

आईच्या यंत्राचं झाकण उघडलं. ताईला म्हटलं, नुसती सफाई. दोन मिलिमीटर.

बोर्ड धुरकट होत होतं, आईच्या छातीबरोबर. ती श्वास सोडायची आणि इकडे डाग यायचा. नळीचं तोंड दुसरीकडे, हवा इकडे येण्याचा प्रश्नच नाही. मी बोर्डावर हात आडवा धरला तर तळहाताला कोमट वाफ लागली.

हे यंत्र आईजवळ ठेवायचं नाही. आणि ते काढलं तर वीस मिनिटांत तिचे ओठ निळे पडतात, आज बघितलं. जुनं मीच भंगारात टाकलं. भाड्याने देणाऱ्याकडे दोन आहेत, दोन्ही बाहेर गेलेली. वीज जाते तेव्हासाठी ऑक्सिजनचं सिलिंडर आहे, पण ते जेमतेम पाच तास पुरतं. हॉस्पिटलात न्यायचं तर विचारतील, घरच्या यंत्राला काय झालं? कुणाचं डिझाइन? सही कुणाची?

परत लावलं. चार होईपर्यंत चार दिवस आहेत.

सोमवार, १ एप्रिल

अडीच. स्टोअरमध्ये भंगार पाहिलं. आईचं यंत्र तिथे नाही. स्टोअरकीपर म्हणाला, बाई घेऊन गेल्या, मागच्या आठवड्यात आपलं सामान न्यायला आल्या तेव्हा. म्हणाल्या होत्या, कुणाला तरी लागेल.

म्हणजे आता त्या बाईच्या दारात जायचं. मी. बाई, श्वास सोडून तपासायला हवं होतं, असं म्हणायचं, आणि त्यांनी चष्म्यावरून बघायचं. खाली पॅकिंगमध्ये हसतील.

मंगळवार, २ एप्रिल

तीन. बाईंच्या गल्लीपर्यंत गेलो. दिवा दिसत होता. परत आलो. उद्या जाईन.

आईला आज बोलताना धाप लागत होती. सव्वीसचे अठ्ठावीस झाले. कारखान्यातही अठ्ठावीस.

बुधवार, ३ एप्रिल

साडेतीन. गेलो नाही. लाज वाटते असं नाही, म्हणजे तसंच आहे — दुसऱ्याला नावं ठेवताना जीभ अडखळली नाही, आणि आता दोन वाक्यं बोलायची तर —

ताईला सांगितलं, अर्धंच. तिने आईचं पांघरूण नीट केलं. मग म्हणाली, पत्ता दे त्या बाईंचा, मी जाते. तुला कुणापुढे मान खाली घालायची नाही ना, मग बस घरात.

उद्या दुपारी बारा ते पाच वीज नाही. खाली नोटीस लावलीये, शिक्क्याची. बरंच झालं. वीज नसताना धोका नाही. आईला सिलिंडर लावायचं, ताईने जुनं यंत्र आणायचं, आणि हे मी काढून टाकीन. नीट बसलंय सगळं. शुक्रवारी मालकांना सांगेन. सांगेनच.

गुरुवार, ४ एप्रिल

बारा वाजता वीज गेली. सिलिंडर लावलं. ताई एक वाजता मुलीला शेजारी ठेवून निघाली. बाईंचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे.

प्लग आणि त्याचं बटण पलंगाच्या मागे आहे, हूक दांडीला स्क्रूने आवळलेला. पलंग लोखंडी, तो सरकवायला दोन माणसं लागतात. ताई आली की सरकवू. घाई नाही, पाच वाजेपर्यंत वीज नाही.

२.१०

आई घाबरलीये. वीज गेली की ती नेहमीच घाबरते. माझा डावा हात घट्ट धरलाय, दुसऱ्या हाताने दांडी. म्हटलं, आई, दांडी सोड. तिने मान हलवली. दांडी धरली की तिला छाती उघडता येते.

वही मांडीवर घेऊन लिहितोय. लिहिलं की डोकं ताळ्यावर राहतं.

२.५०

यंत्राचं झाकण उघडं आहे, तसंच दांडीला लटकतंय. रेघ मोजली. एका हाताने व्हर्नियर धरता येत नाही, तीनदा मोजली. चार. टेकलीये. थंड बाजूला टेकलीये.

यंत्र बंद, आई सिलिंडरवर, तरी डाग येतो — जातो — येतो.

मी लिहिलं होतं, स्वच्छ, कोरडी. आईची खोली डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिलं होतं. ताई दिवसातून दोनदा पुसते ही खोली. पण आई इथे श्वास घेते, हे माझ्या रकान्यात कुठे बसत नव्हतं.

म्हाताऱ्याच्या सुनेला मूठ सोडवता आली नव्हती.

३.२५

हात सोडवायचा प्रयत्न केला. सोडत नाही. म्हणाली, तू आहेस ना, मग भीती नाही. पायाने पलंग ढकलून बघितला, हलत नाही. बोटं एकेक करून सोडवतो. लहानपणी रस्ता ओलांडताना अशीच धरायची —

३.४०

जिन्यात ताईचा आवाज. बाईपण आल्यात बरोबर. मोठं काहीतरी वर चढवतायत, भिंतीला घासतंय. जपून, जपून, असं बाई म्हणतायत.

आई हसली. दांडी अजून —

सव्वा तास आहे अजून. कागदावर स्पष्ट लिहिलंय, शिक्का आहे. दोन बोटं सुटली.

पंख्याचं पातं हललं. वारा असेल.

खिडकी तर मी बं